घरात उगवलेली रोपं लांबुडकी होऊन कोलमडतात; मिरची, पिटुनिया तर उगवतच नाही

कुंडीपुराण

मांडणी खाली देते आहे. नेमकं कुठे अडतंय ते जाणकारांनी सांगावं.

५० कप्प्यांचा प्रोट्रे (बी रुजवायचा कप्प्यांचा ट्रे). मिश्रण निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं गांडूळखत. वर पारदर्शक झाकण, खाली २८ अंशांवर लावलेली हीटिंग मॅट. तिचा सेन्सर ट्रेच्या कडेला लोंबता. ट्रे खिडकीशी आहे, शिवाय वर दीड फुटावर ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब, दिवसाचे १२ तास. पाणी रोज सकाळी स्प्रेने. एकाच ट्रेमध्ये टोमॅटो, ढोबळी मिरची, लेट्यूस आणि पिटुनिया.

पेरून दोन आठवडे होत आलेत. टोमॅटो आठवड्याच्या आत वर आला, पण दांडे बोटभर लांब आणि दोऱ्यासारखे. दलांच्या (बियातून निघालेल्या पहिल्या दोन पानांच्या) पुढे खरं पान अजून नाही. त्यातली काही रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडली, वरची दलं मात्र हिरवीगार. मिरचीचं एकही बी वर नाही. लेट्यूसची तुरळक दोन-चार. पिटुनियावर पाऊण सेंमी कोकोपीट पसरलं होतं, तिथे काहीच नाही. काही कप्प्यांवर पांढरी लव दिसते.

लांबलेले टोमॅटो वाचतील का? कोलमडण्यावर औषध आहे का? आणि न उगवलेल्या कप्प्यांची किती वाट पाहायची?

रोपवाटिका_९८

लांबणं आणि कोलमडणं ही दुखणी वेगळी, पण तुमच्या ट्रेमध्ये दोन्ही एकाच गोष्टीतून आली आहेत. रुजण्यासाठी जी हवा लागते तीच उगवल्यानंतरही चालू राहिली. रुजताना ऊब, ओल आणि झाकण हवं. मान वर आली की सगळं उलटं: थंडावा, हलता वारा, वरून कोरडेपणा आणि भरपूर उजेड. हा पालट एक-दोन दिवसांत व्हायला हवा. निम्मे कप्पे उगवले की झाकण काढा आणि मॅट बंद करा. मागे राहिलेल्यांसाठी थांबलात तर पुढे आलेले हातचे जातात.

आता उजेड. ९ वॅटचा बल्ब साधारण ९०० ल्युमेन (एकूण उजेड) देतो, आणि दीड फुटावर त्यातलं ट्रेवर पोचतं ते हजार लक्सच्या (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास. टोमॅटोच्या रोपाला हवेत १० ते १४ हजार लक्स, १४ ते १६ तास. आपल्या डोळ्यांना हजार लक्सची खोली उजळ वाटते, रोपाच्या हिशेबी ती सावली आहे. बल्ब १५ सेंमीवर आणलात तर उजेड जवळजवळ नऊपट होईल, पण फक्त बरोबर खालच्या आठ-दहा कप्प्यांवर. कडेचे तसेच राहतील. त्यामुळे बल्बपेक्षा ट्यूब बरी. २० वॅटच्या चार फुटी एलईडी ट्यूब, दोन शेजारीशेजारी, पानांपासून १० सेंमीवर. यातून सात-आठ हजार लक्स मिळतात आणि १६ तास दिले की काम भागतं. तीन ट्यूब असतील तर आणखी चांगलं. ६५०० केल्विनचा साधा पांढरा प्रकाश पुरतो, जांभळ्या ग्रो-लाइटची गरज नाही (त्या उजेडात रोग लवकर दिसतही नाही, हा माझा त्यांच्यावरचा मुख्य राग). ट्यूब साखळीवर टांगा, म्हणजे रोप वाढेल तशी वर घेता येते. मोबाइलचं लक्स ॲप अचूक नसतं, पण मधला कप्पा आणि कोपऱ्यातला कप्पा यांची तुलना करायला उपयोगी आहे.

नुसता उजेड वाढवून भागत नाही, ऊबही कमी करावी लागते. अंधूक उजेडात २८ अंश म्हणजे दांड्याला पळायला लावणं. उगवल्यानंतर टोमॅटोला दिवसा २० ते २२ आणि रात्री १७-१८ अंश पुरतात. मिरचीला दोन-तीन अंश जास्त.

लांबलेले टोमॅटो वाचतील. टोमॅटोच्या दांड्यातून नवी मुळं फुटतात, म्हणून ८ सेंमी खोल कपात रोप दलांच्या अगदी खालपर्यंत पुरा. दांडा उभा राहत नसेल तर तिरका ठेवून पुरा. धरायचं ते दलाला, दांड्याला नाही; एखादं दल फाटलं तर रोप निभावतं, दांडा चिरडला तर संपलं. ही युक्ती लेट्यूसवर करू नका, गाभा मातीत गेला की कुजतो. मिरचीचा दांडा मुळं फोडण्यात टोमॅटोइतका तत्पर नसतो. तिला एखादा सेंमी खाली घ्या, बस्स.

रोपवाटिका_९८

कोलमडण्याबद्दल वेगळं लिहितो.

मातीलगत दांडा चिमटल्यासारखा बारीक, वरची पानं हिरवी, रोप आडवं: ही मर. तिच्यामागे बहुधा पिथियम किंवा रायझोक्टोनिया हे मातीतले रोगकारक असतात. आडवं पडलेलं रोप कशानेही उठत नाही, त्यामुळे औषध शोधण्यात वेळ घालवू नका. पडलेला कप्पा मिश्रणासकट काढा. त्याला लागून असलेले चारही कप्पे वेगळ्या ट्रेमध्ये हलवून आठवडाभर लक्ष ठेवा. पिथियमचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात पोहतात, तेव्हा सगळे कप्पे एकाच ताटात पाण्यात बसले असतील तर रोग सगळीकडे फिरतो. रायझोक्टोनिया तंतूंनी सरकते, म्हणून ती एका जागेवरून गोलाकार पसरत जाते.

कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पूड टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पिथियम ही खरी बुरशीच नाही, तिच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही. त्यापेक्षा तिला आवडणारी परिस्थिती मोडा.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात खटकतं ते मिश्रण. निम्मं गांडूळखत म्हणजे जड, ओलं, हवा नसलेलं बुड. रुजण्याच्या ट्रेसाठी ३ भाग कोकोपीट, १ भाग परलाइट (मिश्रण हलकं ठेवणारे पांढरे खनिज दाणे) आणि फार तर अर्धा भाग चाळलेलं गांडूळखत घ्या. बी आपली शिदोरी घेऊन येतं, पहिल्या आठवड्यात त्याला खताची गरज नसते. कोकोपीटची वीट फोडताना ६५० ग्रॅमला साडेतीन ते चार लिटर पाणी लागतं आणि आठ-नऊ लिटर कोकोपीट होतं. भरण्याआधी दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवून पिळा. काही विटांमध्ये मीठ इतकं असतं की कोवळ्या मुळांची टोकं जळतात. भरताना मूठ दाबून बघा. एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पसरून सुकू द्या.

आणि गांडूळखतावर आधी उकळतं पाणी ओतून गार करून घ्या, म्हणजे खतातून रोग येण्याची शंका तरी मिटते.

बीजमंत्र

उगवणीबद्दल लिहिते, कारण चारही बियांचा स्वभाव वेगळा आहे आणि एका ट्रेमध्ये ती एकत्र नांदणार नाहीत.

आधी तो सेन्सर. हवेत लोंबणारा सेन्सर हवेचं तापमान सांगतो. ओल्या मिश्रणातून वाफ होत असते, त्यामुळे झाकण सरकलं किंवा अर्धं उघडं राहिलं की कप्पा हवेपेक्षा दोन ते चार अंश गार असतो. उलट, मॅटवर ट्रे घट्ट टेकलेला आणि झाकण बंद असेल तर बुडाशी ३२-३३ सुद्धा होतात. म्हणजे तुमचे २८ हे प्रत्यक्षात कितीही असू शकतात. सेन्सर मधल्या कप्प्यात, बियाच्या खोलीवर रोवा आणि मग आकडा लावा.

ढोबळी मिरची: मिश्रणात २७ ते ३० अंश असतील तर आठ ते चौदा दिवस. १५ अंशांना त्याच बियाला तीन-साडेतीन आठवडे लागतात आणि तोवर निम्मं कुजतं. तुमच्या कप्प्यांना अजून आठवडा द्या. तोपर्यंत हळूच एक-दोन बिया उकरून बघा. दाबल्यावर टणक असेल तर जिवंत आहे, पुन्हा झाका. मऊ पडून आतून पांढरट रस निघाला तर तो कप्पा रिकामा समजा. मिरचीचं बी दोन-तीन वर्षांपेक्षा जुनं असेल तर उगवण घटते. टोमॅटो आणि काकडी चार-पाच वर्षं टिकतात, कांद्याचं बी मात्र दरवर्षी ताजंच घ्यावं.

पाकिटाबद्दल शंका असेल तर ट्रे अडवून ठेवू नका. १० बिया ओल्या कागदी रुमालात गुंडाळा, झिप पिशवीत घाला, ती मॅटवर ठेवा आणि पिशवी दिवसातून एकदा उघडून हवा द्या. सात रुजल्या तर ७० टक्के; मग एका कप्प्यात दोन बिया टाकून नंतर एक कात्रीने कापायची. उपटायची नाही, शेजारणीची मुळं हलतात. रुजलेली बी उचलायची असेल तर मूळ ५ मिमीच्या आत असतानाच, चिमट्याने बियाचं टरफल धरून. मूळ कागदात घुसलं असेल तर कागदाचा तुकडाच लावा.

लेट्यूसला तुमच्या मॅटने मारलं. १५ ते २२ अंश तिचं सुख. २८-३० च्या पुढे बरेच वाण फुगतात पण रुजत नाहीत, आणि उबेत अंधारात भिजत पडलेलं बी नंतर गार केलं तरी लवकर उठत नाही. नवीन बी घ्या, वर जेमतेम २ मिमी चाळलेलं मिश्रण किंवा नुसतं दाबून सोडा, मॅटशिवाय ठेवा. दोन ते चार दिवसांत पांढरी टोकं दिसतील.

पिटुनिया. एका ग्रॅममध्ये जवळजवळ दहा हजार बिया येतात, त्यावर पाऊण सेंमी म्हणजे गाडणंच. शिवाय तिला रुजायला उजेड लागतो. मिश्रण आधी भिजवा, सपाट दाबा, बी पृष्ठभागावर टाका आणि काहीही झाकू नका. २२ ते २५ अंश, वर पारदर्शक झाकण, दिवा चालू. गोळी केलेलं (वरून लेप देऊन मोठं केलेलं) बी असेल तर पहिले दोन दिवस गोळी पूर्ण विरघळेपर्यंत ओली ठेवा. अर्धवट ओली होऊन सुकली की तिचं कवच घट्ट होतं आणि अंकुर आतच अडकतो. आठवडा-दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. नंतर पंधरा-वीस दिवस जणू काही घडतच नाही, तेव्हा घाबरून खत ओतू नका.

खोलीचा ढोबळ नियम बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. टोमॅटो-मिरचीला ५ ते ८ मिमी. फार वर पेरलं की टरफल डोक्यावर अडकून राहतं, कारण मातीतून घासत येताना ते निघायला हवं असतं. तसं झालं तर टरफलावर पाण्याचा थेंब ठेवून तास-दोन तासांनी पुन्हा बघा. कोरडं टरफल ओढलंत तर दलांसकट हातात येतं.

भिजवणं: मिरची कोमट पाण्यात ८ ते १२ तास, त्यापुढे नको, बियालाही श्वास लागतो. गुलाबी-निळ्या रंगाचं बी म्हणजे बुरशीनाशक लावलेलं. ते भिजवू नका आणि हाताळल्यावर हात धुवा.

कुंडीपुराण

खूप धन्यवाद. मॅट बंद केली, झाकण काढलं, सेन्सर कप्प्यात रोवला आहे (३२ दाखवतोय!). अजून दोन शंका. पांढरी लव दोन ठिकाणी आहे: काही कप्प्यांच्या पृष्ठभागावर, आणि कागदी रुमालात चाचणीला टाकलेल्या टोमॅटोच्या मुळांभोवती. दोन्ही बुरशी का? कुणी दालचिनी पूड सुचवली, कुणी हायड्रोजन पेरॉक्साइड.

माती_आणि_मी

रुमालातली लव बहुतेक मूलरोम, म्हणजे मुळावरचे बारीक केस आहेत. मुळाच्या टोकापासून थोडं मागे, सगळीकडून सारख्या लांबीची, ब्रशसारखी असेल तर ते मूळच आहे. पाण्याचा फवारा मारा: मूलरोम चिकटून दिसेनासे होतात आणि हवा लागली की पुन्हा उभे राहतात. बुरशी टरफलावरून किंवा कागदावरून जाळ्यासारखी पसरते, तिची लांबी असमान असते आणि तिला कुबट वास येतो. चांगल्या रुजलेल्या बिया बुरशी समजून फेकून देणारे लोक कमी नाहीत.

पृष्ठभागावरची लव ही बुरशीच, पण गांडूळखतातला मेलेला पाला खाणारी. ती रोप खात नाही. ती फक्त सांगते की वरचा थर फार वेळ ओला आहे. काडीने उकरून मोडा, पंखा लावा, दोन दिवसांत जाईल. हिरवा थर दिसला तर ते शेवाळ, कारण तेच.

दालचिनीने वरची लव दबते, म्हणून ती लागू पडल्यासारखी वाटते. मर खाली मुळाशी आणि दांड्याच्या आत असते, तिथे पूड पोचत नाही. पेरॉक्साइड लागेल तिथेच मारतं आणि थोड्या वेळात विघटित होऊन पाणी आणि ऑक्सिजन उरतो. टिकून राहणारं संरक्षण काही मिळत नाही. बी धुवायला ठीक, ट्रेवर रोज शिंपडायला नाही.

रोपवाटिका_९८ यांच्या उकळत्या पाण्याबद्दल मात्र मतभेद आहे. गांडूळखत उकळून घेतलं की त्यातलं चांगलं-वाईट दोन्ही मरतं आणि मोकळ्या जागेवर जी बुरशी आधी पोचेल तिचं राज्य. खत वापरायचंच तर कच्चं न घेता पूर्ण कुजलेलं घ्या आणि पेरणीच्या आठवडाभर आधी ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा: एक किलो मिश्रणाला ५ ग्रॅम पूड, वाफशाइतकी (दमट, पण चिखल नसलेली) ओल, सावलीत झाकून. ट्रायकोडर्मा आधी जागा अडवून काम करते. रोप पडल्यावर टाकली तर उशीर झालेला असतो. तिच्याबरोबर रासायनिक बुरशीनाशक दिलंत तर तीही मरते, दोन्हीपैकी एकच निवडा.

ट्रे आणि कप मात्र बिनधास्त निर्जंतुक करा. जुनी माती घासून काढा, १ भाग घरगुती ब्लीच ९ भाग पाण्यात, १० मिनिटं बुडवून ठेवा, मग धुवून सुकवा. माती चिकटलेली असेल तर ब्लीच तिच्यावरच खर्ची पडतं.

रोपवाटिका_९८

@माती_आणि_मी, ट्रायकोडर्मासाठी आठवडा थांबायची तयारी असेल तर तुमची पद्धत सरस, मान्य. पण बहुतेक जण आज वीट फोडतात आणि आजच पेरतात. त्यांच्यासाठी खत वगळून नुसतं धुतलेलं कोकोपीट आणि परलाइट, हा मधला मार्ग.

पानोपान

पाण्याबद्दल कुणी नीट बोललंच नाही. उगवल्यानंतर रोज सकाळी स्प्रे ही सगळ्यात वाईट सवय: वरचा एक सेंमी कायम ओला आणि खालची मुळं तहानलेली. मर वर लागते आणि मुळं खाली जात नाहीत.

ट्रे दुसऱ्या सपाट ट्रेमध्ये ठेवा, त्यात २ सेंमी पाणी, २० मिनिटं. वरचा थर गडद झाला की उचला, उरलेलं पाणी ओतून द्या. पुन्हा कधी? वजनावरून. भिजल्यानंतर लगेच एकदा ट्रे हातात तोलून बघा आणि निम्मा हलका वाटला की पाणी द्या. वरचा रंग फसवतो, कोकोपीट वरून तांबूस दिसतं तेव्हा आत भरपूर ओल असू शकते. ओल्या मिश्रणात रोप मलूल असेल तर पाणी वाढवू नका, तिथे मुळं कुजलेली असतात. पाणी द्यायचं ते सकाळी आणि खोलीच्या तापमानाचं.

छोटा पंखा रोपांवर थेट न रोखता वरून जाईल असा ठेवा, पानं जेमतेम हलतील इतपत. सततच्या हालचालीने दांडा आखूड आणि जाड होतो. पंखा नसेल तर दिवसातून दोनदा तळहात रोपांच्या शेंड्यांवरून हलकेच दहा-पंधरा वेळा फिरवा, परिणाम तोच.

काळी चिलटं उडताना दिसली तर तीही जास्त ओलीची खूण. त्यांच्या पारदर्शक, काळ्या डोक्याच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. पिवळे चिकट कागद मोठी चिलटं पकडतात, अळ्या नाही. अळ्यांसाठी पाण्यात बीटीआय (अळ्या मारणारा जिवाणू) आणि वरचा थर दोन पाण्यांच्या मधे सुकू देणं. अळ्या आहेत का ते बघायला बटाट्याची चकती मातीवर ठेवा, दुसऱ्या दिवशी उलटा.

खत पहिलं खरं पान पूर्ण उघडल्यावर. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) अर्धा ग्रॅम एक लिटरला, आठवड्यातून एकदा, ओल्या मिश्रणावर; हे लिटरला ९५ मिग्रॅ नत्र होतं, कोवळ्या मुळांना पुरे. मिश्रणात गांडूळखत असेल तर आणखी आठवडा थांबा. पानांची खालची बाजू जांभळी पडली तर घाईने स्फुरद वाढवू नका, आधी तापमान बघा. १५ अंशांच्या खाली मुळं स्फुरद घेऊ शकत नाहीत, ट्रेमध्ये तो असला तरी.

दोन खरी पानं आली की ८ ते १० सेंमीच्या कपात. त्याहून मोठी कुंडी नको. मुळं नसलेली ओली माती भोवती राहिली की ती आंबते.

बाहेर नेताना सात ते दहा दिवस घ्या. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, वाऱ्याच्या आडोशाला, मग रोज तास-दीड तास वाढवत, चौथ्या-पाचव्या दिवसापासून सकाळचं कोवळं ऊन. घरातल्या ट्यूबखाली वाढलेल्या पानाने खरं ऊन पाहिलेलंच नसतं. एकदम ठेवलं तर पानांवर पांढरे कागदी चट्टे पडतात आणि ते भरून येत नाहीत. शेंडा शाबूत असेल तर नवी पानं नीट येतात. टोमॅटो-मिरची रात्री १०-१२ अंशांच्या खाली जाणार असेल तर आत घ्या.

कुंडीपुराण

ट्यूब आणल्या. उजेडाची भरपाई म्हणून पहिले काही दिवस २४ तास चालू ठेवल्या तर?

बीजमंत्र

नको. टोमॅटोला सतत उजेड सोसत नाही, आठवड्याभरात पानं पिवळट ठिपक्यांची होऊन वाढ खुंटते. टायमर लावून १६ तास चालू, ८ तास बंद. लेट्यूसलाही तेवढंच पुरतं. आणि मिरचीचे कप्पे कापून वेगळे करून मॅटवर परत ठेवा, ते अजून उगवायचे आहेत. आता सेन्सर २९ वर लावा.